डिलाईल रोडची पूजा

जानेवारी उजाडला की मुंबईच्या गिरणगावात, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत सत्यनारायणाची पावतीपुस्तकं फिरायला लागायची. बहुतेक मंडळांची पूजा 26 जानेवारीला. आमच्या मंडळाची मात्र त्याच्या आदल्या शनिवारी. कारण साधं होतं. आमच्याकडे रात्री नाटक असायचं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. ही रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मिळवून दिली. मंडळाचे जुने अध्यक्ष नारळ फोडताना दरवर्षी त्यांचं नाव घ्यायचे, आम्हा पोरांना ते पाठ झालं होतं.

चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. ऐंशी खोल्या, एकेक 160 चौरस फुटांची, आणि कित्येक खोल्यांतून घरची माणसं सोडून गावाकडचे आठ-दहा जण. इतकी माणसं एका छपराखाली राहायची, तरी एकमेकांना भेटायची नाहीत. कुणी सकाळी सातच्या पाळीला, कुणी दुपारी साडेतीनच्या, कुणी रातपाळीला. माझे बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, शेजारचे काका त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत. भिंतीला भिंत लागून, पण दोघांच्या पाळ्या जुळायच्या नाहीत. आठवडेच्या आठवडे त्यांची गाठ फक्त जिन्यात पडायची.

म्हणून पूजेची वेळ भटजी ठरवायचे नाहीत, पाळ्या ठरवायच्या. कथा दुपारी एकला सुरू, म्हणजे दुसऱ्या पाळीवाल्यांना तीर्थप्रसाद घेऊन साडेतीनच्या भोंग्याला गिरणीत पोचता यावं. पहिल्या पाळीचे लोक सुटून, आंघोळ करून येईपर्यंत चार-सव्वाचार व्हायचे, तेव्हा त्यांच्यासाठी पुन्हा आरती. दोन आरत्या कशाला, असं आमच्याकडे कधीच कुणी विचारलं नाही.

प्रसादाचा शिरा खानावळवाल्या बायका करायच्या. गिरणगावात एकट्यादुकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या या बायका; त्यांचीच संघटना प्रेमा पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून उभी केली. एरवी रोज तीस-चाळीस माणसांच्या पोळ्या लाटणारे ते हात. रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या मापात घ्यायचं, केळी आयत्या वेळी कुस्करायची, म्हणजे शिरा काळा पडत नाही. आमच्या मजल्यावरच्या मावशी तूप सुटेपर्यंत उलथणं खाली ठेवायच्या नाहीत. आणि ओटा पुसायच्या आधी एक मोठा डबा भरून, वर फडकं बांधून कोपऱ्यात ठेवायच्या. "ह्याला हात लावायचा नाय कुणी. दुसऱ्या पाळीवाल्यांचा आहे."

संध्याकाळी हळदीकुंकू. मग दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत कार्यक्रम. बाकडी आणि फळ्या जोडून रंगमंच, गिरणीच्या दुकानातून सवलतीत आणलेल्या कापडाचा पडदा. एका वर्षी कोकणातल्या मंडळींची भजनाची डबलबारी, तर पुढच्या वर्षी सातारा-कोल्हापूरकडच्या लोकांचं लेझीम आणि वगनाट्य. घाटी-कोकणी अशी चिडवाचिडवी वर्षभर चालायची, पण ज्यांचा कार्यक्रम नसेल ते सतरंज्या घालायचे आणि चहा फिरवायचे. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर याच गिरणगावात डफावर थाप मारून गेले होते. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं समोरच्या सतरंजीवर बसलेली असायची, त्यामुळे बेसूर गायला कुणी धजावत नसे.

नाटकाला माईकची गरज नसायची. साच्यांच्या खडखडाटात काम करणारी माणसं. गिरणीत एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवर बोलायची, आणि घरी आली की आवाज आपोआप चढलेला. तोच आवाज रंगमंचावर चौथ्या इमारतीपर्यंत जायचा. दोन अंक झाले की थांबायचं. कितीही उशीर होवो, तिसरा अंक बाराचा भोंगा झाल्याशिवाय नाही. मग डोक्यात, भुवयांवर कापसाची पिंजण घेऊन दुसऱ्या पाळीची माणसं थेट सतरंजीवर येऊन बसायची, त्यांच्या हातात त्या डब्यातला शिरा पडायचा, आधीची गोष्ट कुणीतरी उभं राहून थोडक्यात सांगायचं आणि पडदा उघडायचा. मी दामोदर नाट्यगृहात पुढे पुष्कळ नाटकं पाहिली. पण प्रेक्षकांसाठी नाटक थांबलेलं मी फक्त आमच्या चाळीत पाहिलं.

1982 ची पूजा 23 जानेवारीला होती. डॉक्टर दत्ता सामंतांनी पुकारलेला संप 18 तारखेला सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्या शनिवारी भोंगा वाजला नाही आणि चाळीच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदा सगळे पुरुष एकाच आरतीला उभे राहिले. काय गर्दी होती! बाबा आणि शेजारचे काका टाळ घेऊन शेजारी-शेजारी उभे. तिन्ही अंक सलग झाले. महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागेल, असंच सगळे धरून चालले होते. आमच्या मंडळाची सगळ्यात भरलेली पूजा तीच.

पुढच्या वर्षी खोल्यांना कुलपं होती. कितीजण गावी गेले ते परतलेच नाहीत. पावतीपुस्तक निघालं, पण वर्गणीचा आकडा कुणी सांगितला नाही आणि कुणी विचारलाही नाही. गावी गेलेल्यांनी तांदूळ आणि नारळ पाठवले होते. नाटक झालं नाही, पूजा झाली. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करायची वाट उघडली. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिल आणि मथुरादास मिलच्या आवारात कार्यालयं, हॉटेलं, पब आले. लोअर परळला उतरणारी गर्दी आजही घड्याळ बघत धावते, फक्त गळ्यात ओळखपत्रं असतात. त्या पोरांबद्दल माझ्या मनात अजिबात राग नाही. त्यातली काही आमच्याच चाळीतली आहेत. राग आहे तो याचा की ज्यांच्या घामावर ही जमीन सोन्याची झाली, त्यांना घरासाठी 2012 च्या पहिल्या सोडतीपर्यंत थांबावं लागलं, आणि पुष्कळजण तोवर राहिले नव्हते.

आता पुनर्विकासासाठी आमची इमारत रिकामी झाली आहे. 500 चौरस फुटांची घरं मिळणार आहेत. तोवर मंडळाचे सभासद विरार, डोंबिवली, बदलापूर असे पांगलेले. गेल्या वर्षीच्या सभेत एकाने सुचवलं की निम्मे लोक डोंबिवलीकडे आहेत, तर पूजा तिकडेच घेऊ, हॉलही स्वस्त पडेल. सूचना चुकीची नव्हती. पण त्या मावशी, आता ऐंशीच्या पुढच्या, मुलीचा हात धरून उभ्या राहिल्या. "माझी सून विरारवरून रोज इथे कामाला येते. तिला शनिवारी अर्धा दिवस असतो. ती डोंबिवलीला कधी पोचायची?"

हात वर करून मतं घेतली. पूजा डिलाईल रोडलाच, शाळेच्या हॉलमध्ये. कथा दुपारी तीनला ठेवली आहे, म्हणजे अर्ध्या दिवसाने सुटणाऱ्यांना गाठता येईल. आरत्या दोन.