टेक्सासची रानडुकरं आणि आमची जागल

टेक्सासमध्ये स्वतःच्या जमिनीत रानडुक्कर मारायला कुणाला विचारावं लागत नाही. वर्षभर, दिवसा-रात्री, कितीही. 2019 पासून तर मालकाने हो म्हटलं की खाजगी जमिनीवर शिकारीचा परवानाही लागत नाही. हे कळलं तेव्हा मला आपल्याकडच्या व्यवस्थेचा संतापच आला. हिंगणघाटकडे बाबा रात्री हरभरा राखायला जागलीला जातात, कुंपणाच्या तारेला विजेचा हलका झटका देणारं झटका मशीन लावतात. तरी कळप शिरलाच तर अर्ज करा, पंचनाम्याची वाट बघा, भरपाई येईल तेव्हा येईल. डुक्कर मारायचं तर वनविभागाची परवानगी हवी, आणि तोवर पीक कुठे थांबतंय?

इथे टेक्सासमधली सुमारे 95 टक्के जमीन खाजगी. त्यामुळे बंदोबस्त मालकानेच करायचा. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या रँचवर गेले होते. ओढ्याकाठचं कुरण नांगरून ढेकळं तशीच सोडल्यासारखं उलथलेलं होतं. एका रात्रीत!

त्यांचा सापळा बघण्यासारखा आहे. जाळीच्या पॅनेलचं छातीएवढं गोल कुंपण, एक फाटक, वर कॅमेरा, आत मका. फाटक मुद्दाम उघडं ठेवतात. आधी पिल्लं आत शिरतात, माद्या बाहेर घुटमळतात, एखादी थोरली मादी कित्येक रात्री पाय टाकत नाही. ते रोज मोबाइलवर डुकरं मोजतात आणि अख्खा कळप आत आल्याशिवाय फाटक पाडून सापळा बंद करत नाहीत. बाहेर राहिलेली मादी सापळा ओळखायला शिकते, आणि सहा-आठ महिन्यांची मादी गाभण राहू शकते, एका वेताला चार-सहा पिल्लं. बंदुकीने दोन टिपली तर बाकीची पांगतात, शेजारच्या रानात जातात आणि हुशार होतात. वर्षाला जवळपास दोन-तृतीयांश डुकरं कमी केली तर कुठे संख्या आहे तिथे राहते, म्हणतात.

हा संयम पाहिल्यावर इथली हेलिकॉप्टरमधली शिकार डोक्यात जाते. 2011 पासून त्याला कायद्याने मुभा आहे, 2017 पासून हॉट एअर बलूनमधूनही. कंपन्या पैसे घेऊन हौशी लोकांना वर नेतात. शेतकऱ्याच्या नुकसानीची अशी मजा आपल्याकडे कुणी विकत नाही, याचा मला अभिमान आहे.

आणि हेही सांगते, आपलं रानडुक्कर मूळचं जंगलातलं, वाघाचं खाद्य, म्हणून कायदा त्याला सांभाळतो. इथली डुकरं मूळची नाहीतच. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली, मग 1930च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून सोडली. हे दुखणं यांनी ओढवून घेतलंय. आमच्या बाबांनी काय केलं होतं?

रँचवर फाटक पडल्यावर सहकाऱ्याच्या वडिलांनी बंदूक आणली तेव्हा मी तिथेच उभी होते. पुण्यातल्या मैत्रिणींना ते क्रूर वाटलं. सकाळी बांधावर उभं राहून आडवा झालेला हरभरा ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी मला दया शिकवू नये.

सहकाऱ्याच्या वडिलांची खरी अडचण कुंपणापलीकडे आहे. शेजारी आपलं रान डुकरांच्या शिकारीसाठी भाड्याने देतो, त्याला डुकरं हवीच आहेत. त्याच्या जमिनीत काय करायचं ते तोच ठरवणार, कायदाही त्याच्याच बाजूने. ओढ्याकाठी दोघांचा मिळून एक सापळा लावू, असं ते त्याला परत एकदा विचारणार आहेत.