आबांची रात्र

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या गणपतीत सिनेमाच्या तीन रात्री ठरलेल्या असायच्या. एक बायकांची, एक पोरांची आणि एक आबांची. बायकांच्या रात्री 'पिंजरा' नाहीतर 'साधी माणसं', पोरांच्या रात्री मारामारीचा कुठलाही. त्यावर वाद नसे. आबांच्या रात्री काय लागणार हे मात्र पडदा उजळेपर्यंत कुणाला ठाऊक नसायचं. वर्गणी देणारे कुरकुरायचे. "आबा, आवंदा तरी हिंदी लावा की!" आबा पान जमवत म्हणायचे, "हिंदी वरीसभर बघतोयस की रं."

आबा म्हणजे शिवाजी पेठेतले जुने रंगारी. तरणेपणी स्टुडिओत सेट रंगवले, काम आटल्यावर दुकानांच्या पाट्या. पेठेत अशी माणसं पुष्कळ. कुणी लाइटवाला, कुणी ऐतिहासिक सिनेमात भाला धरून मागे उभा राहिलेला. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच घडवला, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२९ ला 'प्रभात'ही इथंच उभी राहिली आणि मग पुण्याला गेली. (गेली ती गेलीच, पण पेठेत तो विषय अजून निघतो.) त्यामुळे सिनेमा कसा बनतो हे आमच्याकडे घराघरात माहीत होतं, आणि आबांची पारख नटापासून सुरू होत नसे. भिंत खरी वाटते का, धूळ कुठल्या बाजूनं उडाली, घोडा खरंच दमलाय का, हे ते आधी बघत.

सोळा मिलिमीटरचं भाड्याचं मशीन जाऊन डीव्हीडी आणि प्रोजेक्टर आला, तेव्हा आबांना रान मोकळं झालं. पडदा गल्लीच्या मधोमध आडवा बांधलेला. पुढं जागा मिळाली नाही की लोक मागच्या बाजूला पोती टाकून बसत. तिथं सगळं उलटं दिसे, प्रत्येक नायक डावखुरा. इंग्रजी पाट्याही उलट्या, पण त्या सुलट असत्या तरी वाचणार कोण होतं? आरतीचा माइक आबांच्या हातात असायचा आणि ते मध्येमध्ये गोष्ट सांगायचे.

एका वर्षी त्यांनी लावला सर्जिओ लिओनेचा १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. सुरुवातीला ओसाड स्टेशनवर तीन माणसं गाडीची वाट बघतात. बोलणं जवळजवळ नाहीच. एकाच्या टोपीवर पाण्याचा थेंब पडतोय, दुसऱ्याच्या तोंडावर माशी. पवनचक्की कुरकुरते. आमची पोरं पहिल्या दोन मिनिटांत शिट्ट्या मारायला लागली, मग कधी गप्प झाली ते कळलं नाही. आबांना माइकवर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढं हेन्री फोंडा येतो, निळ्या डोळ्यांचा, सज्जन चेहऱ्याचा, आणि लहान पोराला गोळी घालतो. तोवर हा नट पडद्यावर भला माणूस म्हणूनच ओळखला जायचा, हे आबांनी नंतर सांगितलं. सिनेमा संपल्यावर कट्ट्यावर बसून त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. एन्नियो मोरिकोनेनं संगीत आधी तयार केलं आणि शूटिंगच्या वेळी ते सेटवर वाजवलं, नट त्या चालीवर चालले. "आपल्याकडं गाणं असंच घेत्यात. त्यानं आख्खा सिनेमाच गाण्यागत घेतला," आबा म्हणाले. वेस्टर्नवर, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या घोडे-बंदुकांच्या या सिनेमांवर, मी पुढं बरंच वाचलं, पण एवढं नेमकं वाक्य मला सापडलं नाही.

'जॉनी गिटार'च्या रात्री वेगळंच झालं. १९५४ चा निकोलस रेचा सिनेमा. नाव पुरुषाचं, पण गोष्ट दोन बायकांच्या वैराची. रेल्वे येणार म्हणून जमिनीचा भाव वाढणार, त्या जागेवर जोन क्रॉफर्डचा गुत्ता. दुसरी बाई गावाला भडकवून तिच्या अंगावर घालते, आणि शेवटी पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभ्या राहतात त्या दोघीच. पुरुष बाजूला उभे राहून बघतात. ताराराणीच्या गावाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. गॅलरीतून बघणाऱ्या काकवांनी दुसऱ्या दिवशी आबांना गाठलं आणि आमच्या रात्रीला हा का लावला नाही म्हणून विचारलं. त्यानंतर बायकांच्या रात्रीवर 'पिंजरा'चा हक्क पहिल्यासारखा राहिला नाही.

कार्टून मात्र आबांनी लावावं हे कार्यकर्त्यांना पटेना. "ल्हान पोरांचं हाय ते," म्हणून मीटिंगमध्ये आवाज चढले. आबांनी 'रँगो' लावला, २०११ चा. वेस्टर्न आणि कार्टून एकाच ताटात. एक सरडा वाळवंटातल्या गावात शेरीफ होतो, गावाचं पाणी आटलंय आणि पाण्याची किल्ली नगराध्यक्ष कासवाच्या हातात. घुबडांचं वाजंत्री पथक अधूनमधून गाऊन सांगतं की हा नायक मरणार. काळम्मावाडी धरणातून गावाला पाणी आणायच्या थेट पाइपलाइनची चर्चा तेव्हा गावात जोरात होती. कासव नळाचा व्हॉल्व्ह फिरवायला गेलं की मागच्या बाजूनं काय काय ऐकू आलं ते इथं लिहिता येणार नाही.

'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली मूर्तिकारांची पोरं खास आली होती. १९९३ ची हेन्री सेलिकची बाहुल्यांची संगीतिका. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. सेकंदाला चोवीस चित्रं. नायकाचे भाव बदलायला शेकडो वेगवेगळी डोकी केली होती. गाणी बाजूला ठेवून ती पोरं रात्री एकपर्यंत मानेचा सांधा कसा बसवला असेल यावर भांडत बसली. मला विचाराल तर गाणीच मोठी आहेत. डॅनी एल्फमननं चाली बांधल्या आणि नायकाच्या गाण्यांना आवाजही स्वतःचाच दिला. पण त्या रात्री माझं कोण ऐकतंय?

सगळ्यांत गर्दी झाली ती 'कोको'ला. मेक्सिकोतलं पोरगं, घरात गाण्याला बंदी, आणि मेलेल्या माणसांचा सण. घरात फोटो मांडायचे, आवडीचं खायला ठेवायचं, म्हणजे पूर्वज त्या रात्री घरी येतात. ज्याची आठवण काढणारं कुणी उरलं नाही तो तिकडूनही नाहीसा होतो. आबा माइक उचलून समजवायला लागले, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या आज्जी म्हणाल्या, "गप बसा ओ, कळतंय आमास्नी. गणपती गेला की आमचं बी हेच." दोन जगांमधला तो पूल झेंडूच्या पाकळ्यांचा. झेंडू मूळचा तिकडचाच, आपल्या दसऱ्याला तो मागाहून आला, हे मी सांगितलं तर आज्जींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तो पळवून आणलाय. शेवटाकडं, पणतू आपल्या म्हाताऱ्या पणजीला गाऊन जागं करतो तिथं, रांगेतल्या कितीजणी पदर डोळ्याला लावत होत्या हे बघायची माझी हिंमत झाली नाही. मीही मागच्या बाजूला जाऊन बसलो.

आता आबांना जिना उतरवत नाही. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडं आलंय, पण शेवटचा शब्द खिडकीतूनच येतो. यंदा त्यांनी रॉबर्ट ऑल्टमनचा १९७१ चा 'मॅककेब अँड मिसेस मिलर' सांगितलाय. बर्फात, चिखलात, गोळीबाराला घाबरणाऱ्या नायकाचा वेस्टर्न. खाण कंपनी गाव गिळायला निघते, आणि वर लेनर्ड कोहेनची उदास गाणी. मीटिंगमध्ये मी एवढं सांगून संपवलं. खजिनदार वर्गणीची वही मिटत म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. घोडी किती हाईत त्यात?"