दात डबीत आणि मी खिडकीपाशी

त्या संध्याकाळचा राग अजून उतरलेला नाही. पुढे कुठे लिहिणं तिखट झालं असेल तर तेवढं सोडून द्या.

रविवारी ७.४० ला जिन्यावरून पाय घसरला आणि तोंड थेट कठड्यावर आपटलं. उठून बसते तर वरचा पुढचा एक दात जागेवरच नाही. तुकडा उडाला असता तरी समजू शकले असते, हा मुळासकट अख्खा निखळला होता. धाकटा भाऊ धावत आला. मोबाइलच्या उजेडात त्याने एकेक पायरी धुंडाळली आणि खालून तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात दात सापडला. आपलाच दात असा सुटा बघायची माझी पहिलीच वेळ. आरशात रोज दिसायचा त्याहून हा चांगला दुप्पट लांब! खालचं निमुळतं मूळ पिवळसर, आणि त्याला ओलसर लाल काहीतरी चिकटलेलं.

भाऊ तो शर्टाला पुसायला निघाला होता. मी तोंडातलं रक्त सांभाळत ओरडले, "पुसू नकोस!"

ही अक्कल मला माझ्या डेंटिस्टच्या बाहेरच्या खोलीतल्या पोस्टरने दिली. नंबर लागेपर्यंत ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. मुळावर जी साल दिसते त्यात जिवंत पेशी असतात आणि त्यांच्याच जोरावर दात हाडाला पुन्हा धरतो. म्हणून दात चकाकत्या बाजूने धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं नाही. माती लागली असेल तर अगदी दहा सेकंद गार पाण्याखाली धरायचा आणि लगेच खाचेत परत बसवायचा. कोरडा राहिला तर अर्ध्या तासात पेशी मरायला लागतात, तासाभराने आशा फारच कमी उरते.

बसवायचा, हे माहीत होतं. पण धीर झाला नाही. मग दुसरा पर्याय, दूध. घरातल्या एका छोट्या डबीत दूध ओतलं, त्यात दात सोडला आणि झाकण लावून निघालो. पडल्यापासून डबीत जाईपर्यंत सहा-सात मिनिटं गेली असतील. (दूध नसेल तर स्वतःच्या थुंकीत ठेवला तरी चालतो. साध्या पाण्यात मात्र ठेवायचा नाही, त्या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात.)

आणि इथे मी चुकले. अपघात म्हटल्यावर डोक्यात एकच, हॉस्पिटल. डेंटिस्टला फोन करायचं सुचलंच नाही. रविवारी कोण उचलणार, असं मीच ठरवून टाकलं.

८.०५ ला इमर्जन्सीच्या दारात. गार्डने हात आडवा घातला.

"बाहेरचं खाणंपिणं आत नेता येत नाही."

"अहो, दात आहे त्यात," भाऊ म्हणाला.

त्याने झाकण उघडून बघितलं. दात अर्थातच तळाशी गेलेला. "दूधच तर दिसतंय."

भावाने डबी तिरकी केली तेव्हा कुठे मूळ वर आलं. गार्ड दोन पावलं मागे सरकला आणि आम्ही आत.

आत नोंदणीची खिडकी. पुढे दोनच माणसं, तरी माझा जीव वरखाली. आमचा नंबर आला. तोंडावर रुमाल असल्यामुळे माझं बोलणं कुणालाच कळेना, म्हणून भाऊ बोलत होता. नाव, वय, पत्ता झालं. मग खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "तक्रार काय?"

"दात पडलाय."

ते स्क्रीनवर खाली-वर करत राहिले. "दातदुखी आहे, हिरड्यांतून रक्त आहे, तोंड येणे आहे. दात पडला असं नाहीये यात."

"मग 'इतर' टाका."

"'इतर' टाकलं की कारण लिहावं लागतं."

"मग लिहा ना!"

"ते डॉक्टर लिहितात."

"मग डॉक्टरांकडे पाठवा."

"नोंदणी झाल्याशिवाय कसं पाठवणार?" आणि माझ्याकडे वळून, "दुखतंय का तुम्हाला?"

खरं सांगायचं तर तेव्हा फारसं दुखत नव्हतं, ओठ नुसता बधिर होता. मी प्रामाणिकपणे मान हलवली. नाही. त्या एका मानेने आमची दहा मिनिटं खाल्ली. दुखत नाही, तर दातदुखी कशी टाकायची? मागे फोन वाजला, तो त्यांनी घेतला. तो निवांत संपला. मी डबी काचेला टेकवून उभी होते आणि भिंतीवरचा सेकंदकाटा बघत होते. शेवटी भाऊ म्हणाला, "टाका दातदुखी, फार दुखतंय तिला." टक. पावती बाहेर आली. तिच्यावर छापलेलं: दंत विभाग, बाह्यरुग्ण, उद्या सकाळी ९. कॉम्प्युटरला दातदुखी सांगितली की तो सकाळचीच वेळ देतो म्हणे.

तेवढ्यात एका नर्सने माझ्या कॉलरवरचं रक्त पाहिलं आणि पावती न मागता आत नेलं. तिचे उपकार आहेत. चक्कर, उलटी, शुद्ध हरपली होती का, दात मिटल्यावर पूर्वीसारखे जुळतात का, सगळं तिने भराभर विचारलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ओठ तपासला आणि सरळ सांगितलं, "डोकं, जबडा ठीक आहे. दात बसवायला डेंटिस्ट लागेल, रात्री इथे कुणी नसतो." हेच वाक्य खिडकीवर पहिल्याच मिनिटाला ऐकायला मिळालं असतं तर?

बाहेर बाकावर येऊन बसले. भाऊ माझ्या पर्समध्ये रुमाल शोधत होता आणि त्याच्या हाती डेंटिस्टचं अपॉइंटमेंट कार्ड लागलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात: तातडीसाठी, आणि एक नंबर. ते कार्ड वर्षभर माझ्याजवळ होतं! दुसऱ्या रिंगला डॉक्टरांनी उचललं.

"दुधात आहे? छान. पण वाट कशाला बघताय, आत्ताच बसवा. हलकी चूळ भरा. चकाकत्या बाजूने धरा, पुढची बाजू पुढेच आहे ना, शेजारच्या दाताशी ताडून बघा. आता बोटाने सावकाश दाबा."

भावाने मोबाइलचा कॅमेरा आरशासारखा समोर धरला. मी दाबलं. आधी काहीतरी अडल्यासारखं, मग दात आत सरकला आणि शेजारच्याच्या रांगेत येऊन थांबला. कळ आली, पण ज्या भीतीने मी घरी हात आखडला होता तिच्या मानाने काहीच नाही. "आता रुमाल चावून धरा आणि क्लिनिकला या, मी उघडतो." तेव्हा ८.३२ झाले होते.

निघताना खिडकीतून आवाज आला, "बसला का दात? मग उद्याचं रद्द करू?"

पुढचं सगळं सरळ झालं. एक्स-रे, शेजारच्या दातांना चिकटवलेली बारीक तार दोन आठवडे, तेवढेच दिवस मऊ खाणं आणि औषधी पाण्याने चुळा, आणि त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनॉल.

आता सुचतंय तसं सांगते. हे फक्त पक्क्या दाताचं. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही, आत येऊ घातलेल्या पक्क्या दाताला इजा होते. पडल्याची वेळ लक्षात ठेवा. डॉक्टरांनी मला पहिलं तेच विचारलं. आणि डेंटिस्टच्या कार्डाची मागची बाजू आज वाचा. क्लिनिक बंद असेल तरी फोन लावून बघा, कधी रेकॉर्ड केलेल्या निरोपातच दुसरा नंबर असतो.

हॉस्पिटलला जायचंच नाही असं मात्र नाही. गेल्या वर्षी याच भावाची अक्कलदाढ सुजली होती. तेव्हा त्याने हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवली आणि हिरडी भाजून पांढरी पडली. गोळी गिळायची असते, लावायची नसते. शेक द्यायचा तर गार, तोही गालावर बाहेरून. पण सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे पसरायला लागली, ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वास जड झाला, तर डेंटिस्टच्या फोनचीही वाट बघू नका, थेट इमर्जन्सी. डोक्याला मार, जबडा हलल्यासारखा वाटणं, न थांबणारं रक्त, हेही तिथलंच काम. दात काढल्यावर येणारं रक्त मात्र बहुतेक वेळा घडी केलेला गॉझ वीस-तीस मिनिटं घट्ट चावून धरला की थांबतं. दर दोन मिनिटांनी उचलून बघायचं नाही, एवढीच अट.

माझा दात अजून तरी घट्ट आहे. एक्स-रे मात्र पुढची काही वर्षं काढत राहायचे आहेत. धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद हवी म्हणून डॉक्टरांनी हॉस्पिटलचा कागद मागितला, तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तक्रार: दातदुखी?"

"सांगते," मी म्हटलं, "पण आधी तार काढा."