नाव ग्रोथ फॅक्टर, काम जीव वाचवायचं

ग्रोथ फॅक्टर म्हटलं की मला आधी वाटायचं काहीतरी टॉनिक असणार, मिळालं की न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, तरारून वाढले. पण गर्भात प्रश्न आधी जगण्याचा असतो. कोंबडीच्या गर्भात मज्जारज्जूत स्नायू हलवणारे जितके मोटर न्यूरॉन तयार होतात त्यातले जवळपास निम्मे पिल्लू बाहेर यायच्या आधीच मरतात, आणि हे आजारपण वगैरे काही नाही, असंच व्हायचं असतं.

हे मरणं बारकाईने पाहिलं रिटा लेवी-मोंताल्चिनी या बाईंनी. 1938 मध्ये इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे आले, त्यांचं युनिव्हर्सिटीतलं काम सुटलं, मग त्यांनी तुरीनला घरी बेडरूममध्येच लॅब थाटली, शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि अंड्यातल्या गर्भाचा पाय फुटायच्या जागचा कोंभच कापून टाकला. आधी हाच प्रयोग केलेल्या व्हिक्टर हॅम्बर्गर या शास्त्रज्ञांना वाटलं होतं की पाय नाही म्हणून तिकडे जाणारे न्यूरॉन बनतच नाहीत. बाईंना दिसलं की बनतात, वाढतात, आणि मग मरतात. केवढा फरक आहे बघा!

पुढे बाईंनी उंदराच्या ट्यूमरजवळ गर्भातली गँगलिया, म्हणजे न्यूरॉनचे गठ्ठे, ठेवली तर दिवसभरात चंद्राला खळं पडावं तसे चहूबाजूंनी तंतू फुटले. त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी ट्यूमरच्या अर्कातलं न्यूक्लिक ॲसिड मोडायला सापाचं विष घातलं (त्यात ते तोडणारं एन्झाइम असतं), तर परिणाम कमी व्हायचा सोडून उलट वाढला, कारण विषातच तो तंतू फुटवणारा पदार्थ ठासून भरलेला! विषग्रंथी म्हणजे शेवटी लाळग्रंथीच, म्हणून उंदराच्या लाळग्रंथीत शोधलं, तिथेही भरपूर. हाच तो एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर), 1986 चं नोबेल.

आतला मामला साधारण असा, की न्यूरॉनचा ॲक्सॉन, म्हणजे त्याचा लांब तंतू, त्वचेपर्यंत किंवा एखाद्या अवयवापर्यंत पोचला की तिथल्या पेशी थोडासाच एनजीएफ सोडतात, तो टोकावरच्या रिसेप्टरला (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, आणि ते दोघं मिळून ॲक्सॉनमधून पार मागे पेशीच्या मुख्य भागापर्यंत जातात, निरोप काय तर थांब, मरू नकोस. निरोप नाही आला तर पेशी स्वतःचीच कॅस्पेस एन्झाइम्स चालू करून स्वतःला संपवते. मरायची तयारी आधीपासून असतेच, एनजीएफ फक्त ती अडवून धरतो. मात्र सगळ्या न्यूरॉनना हाच चालत नाही, हा मुख्यतः सिंपथेटिक (हृदय, रक्तवाहिन्या अशा अवयवांना आपोआप चालवणाऱ्या) आणि वेदना जाणवणाऱ्या न्यूरॉनचा, बाकीच्यांना बीडीएनएफ वगैरे याचीच भावंडं, म्हणजे तशीच दुसरी प्रथिनं, आहेत.

मला सगळ्यात हादरवलं ते नवजात उंदरांच्या प्रयोगाने. एनजीएफविरुद्धच्या अँटीबॉडी काही दिवस टोचल्या तर सिंपथेटिक गँगलिया जवळजवळ नाहीशीच झाली, आणि पिल्लं वरून बघायला धडधाकट.