मुंबई ते गोवा मोटर यॉटने: बारा नॉटचा सल्ला ऐकू नका

मुंबईहून गोव्याला मोटर यॉट नेणार असाल आणि कोणी म्हणालं, "फार हळू नको, फार जोरात नको, बारा नॉट ठेवा, डिझेल वाचतं," तर त्या माणसाच्या हाती सुकाणू देऊ नका. (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर.) दलालाने बोटीबरोबर आम्हाला जो स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, दिला होता तो हेच सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यापायी पहिल्याच दिवशी निम्मी टाकी रिकामी झाली. मोटारीत साठ-सत्तरच्या वेगाला चांगलं ॲव्हरेज मिळतं, म्हणून बोटीतही मधलाच वेग स्वस्त पडेल हे ऐकणाऱ्याला लगेच पटतं. अशा बोटीच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. मधला वेग सगळ्यात महाग.

बोट माझ्या चुलतभावाची, दादाची. वापरलेली, 44 फुटी, प्रत्येकी 370 अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं, 1,400 लिटरची टाकी. तळ व्ही आकाराचा, म्हणजे वेग घेतला की पाण्यातून वर उठून पृष्ठभागावर सरकत जाणारा. डिसेंबरात ती गोव्याच्या मांडवी नदीत नेऊन ठेवायची होती. गेटवेपासून मांडवीच्या मुखापर्यंतचं अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास भरतं. कागदपत्रं, परवानग्या, व्हीएचएफ रेडिओ, चार्ट, लाइफ जॅकेट, दोन चांगले नांगर हे तुमच्याकडे आहे आणि दिवसभर हलत्या डेकवर तुम्हाला उभं राहता येतं, असं धरूनच पुढचं लिहितोय.

दलालाने दिलेला आकडा असा: बारा नॉटला तासाला 40 लिटर. म्हणजे गोवा साधारण एकोणीस तासांत आणि 750 लिटरमध्ये. टाकी 1,400 ची, तेव्हा काळजीच नको. पहाटे कुलाब्याच्या प्रॉन्ग्ज दीपस्तंभाला वळसा घातला, खांदेरी डावीकडे टाकलं आणि बारा नॉट धरले. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आकाशाकडे, मागची बाजू पाण्यात खोल रुतलेली, आणि बोटीमागे पांढऱ्या पाण्याचा डोंगर. समोरचं नीट दिसायला दादाला सुकाणूमागे टाचा उंचावून उभं राहावं लागत होतं. स्किपर म्हणे, या बोटी अशाच चालतात.

डावीकडे हर्णैचा सुवर्णदुर्ग आला तेव्हा त्याच्या हिशेबाने 240 लिटर जळायला हवे होते. प्रत्यक्षात 470 जळले होते. तासाला किती लिटर जळतं ते दाखवणारे दोन्ही इंजिनांचे फ्लो मीटर शेजारी शेजारी होते, एकावर 38, दुसऱ्यावर 39. दलालाचा 40 चा आकडा एका इंजिनाचा होता. बोट दोन इंजिनांची, ती चालतेही दोन्हींवर, आणि विकणारा माणूस खप सांगतो एकाचा. ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही. वापरलेली बोट बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: हा आकडा एका इंजिनाचा की दोन्हींचा? आणि तासाचा आकडा सांगणाऱ्याला लगेच थांबवून मैलाचा विचारा. तासाला किती जळतं यावरून काहीच कळत नाही. वीस नॉटला तासाला 114 लिटर जळतात हे ऐकून माणूस घाबरतो आणि बारा नॉटला 77 म्हटलं की त्याला हायसं वाटतं. पण मैलामागे वीसला 5.7 पडतात आणि बाराला 6.4.

संध्याकाळी ज्या बंदरात शिरलो तिथे स्किपरचा ओळखीचा माणूस आधीच धक्क्यावर उभा होता. टाकीत 700 च्या वर लिटर होते, उरलेलं अंतर सुमारे 120 मैल. बारा नॉटच्या हिशेबाने तेवढं डिझेल पुरणार नव्हतं हे खरं, आणि स्किपर तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पंपावर 90 च्या घरात असलेलं डिझेल त्या माणसाने 135 ने लावलं, वर "जेटीचे" म्हणून 3,000, पावती नाही. 50 लिटरचे आठ कॅन म्हणून मोजले. टाकीत पट्टी बुडवून पाहिली तर 365 च भरलं होतं, कारण प्रत्येक कॅन गळ्याच्या खालीच थांबवला होता. सगळं मिळून वीस हजारांच्या वर जादा गेले. त्या स्किपरला दादाने तिथेच उतरवलं आणि गोव्यापर्यंत एक स्थानिक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, बरोबर घेतला.

मामा, म्हणजे ते तांडेल, आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर. सकाळी बंदराबाहेर पडल्यावर दादाने सवयीने लिव्हर बारा नॉटपर्यंत नेली. मामांनी पाच मिनिटं मागचं पाणी पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ही चालत नाहीये, पाणी ढकलतेय. एक तर हिला उठवा, नाहीतर बसू द्या." बसू दिली. साडेसात नॉट. नाळ खाली आली, मागचा डोंगर नाहीसा झाला, आणि दोन्ही मीटर मिळून 17. मी आधी मीटर बिघडला असं समजून दादाला तळातल्या इंजिनांपाशी पाठवलं. मीटर ठीक होता. मांडवीत पोचलो तेव्हा हिशेब केला: ते 365 लिटर घेतलेच नसते तरी टाकीत 400 उरले असते. वीस हजार रुपये ज्या डिझेलवर जादा मोजले त्यातला एक लिटरही लागला नाही.

असं का होतं, तर बोट स्वतःची लाट घेऊनच चालते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होते. लाटेची लांबी बोटीच्या पाणरेषेवरच्या (बोटीची बाजू पाण्याला जिथे टेकते त्या रेषेवरच्या) लांबीइतकी झाली की बोट दोन माथ्यांच्या मधे अडकते. त्यापुढे जोर लावला की मागची बाजू खळग्यात बसते आणि नाळ आपल्याच लाटेवर चढायला बघते. इंजिनाची सगळी ताकद लाट मोठी करण्यात जाते. हा वेग काढायचा सोपा हिशेब आहे: पाणरेषेवरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. आमची 38 फूट, म्हणजे सव्वाआठ नॉट. 30 फूट असेल तर 7.3, 50 असेल तर साडेनऊ. भरपूर अश्वशक्ती असेल तर बोट तो चढ ओलांडून पाण्यावर उठते, मग मैलामागचा खप पुन्हा थोडा उतरतो. मधला पट्टा, आमच्या बोटीत दहा ते पंधरा नॉट, हा फक्त ओलांडण्यासाठी आहे.

गोव्यात पोचल्यावर आग्वादच्या बाहेर, सकाळच्या शांत पाण्यात आम्ही प्रत्येक वेग दोन्ही दिशांना चालवून पाहिला, म्हणजे प्रवाहाचा फरक निघून जातो. दोन्ही इंजिनांचा मिळून मैलामागचा खप: सहा नॉटला दीड लिटर, साडेसातला 2.3, साडेआठला 3.2. इथून चढ सुरू. दहाला 5, बाराला 6.4, चौदाला 6.6, हे शिखर. सतराला 5.8, वीसला 5.7, तेवीसला 5.9. तुमची बोट वेगळी असेल, वजन वेगळं असेल, आकडे बदलतील. चढ आणि शिखर असणारच. साडेसातवरून साडेआठवर गेल्याने संपूर्ण प्रवासात साडेतीन तास वाचतात आणि 200 लिटर जास्त जातात. मला ते परवडणारं वाटत नाही.

वीस नॉटने एका टाकीत मुंबई-गोवा? आमच्या बोटीने नाही. सव्वादोनशे मैलांना 1,280 च्या वर लिटर लागतात, टाकी 1,400 ची, आणि तळाचे शेवटचे काही लिटर गाळासकट असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. टाकीचा एक तृतीयांश भाग हात न लावता ठेवायचा हा समुद्रावरचा जुना नियम आहे, तो पाळा.

विजयदुर्ग, देवगड, मालवणचा पट्टा सुखाचा गेला. विजयदुर्गाच्या वाघोटण खाडीत रात्र काढा, चांगला आडोसा आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांना बाहेरून वळसा घाला, आतून जायचा मोह नको. रात्री चालू नका, जाळ्यांचे थर्माकोलचे बोये अंधारात दिसत नाहीत.

हळू जाणार असाल तर काही गोष्टी मोठ्या होतात. जनरेटर तासाला दोन-अडीच लिटर पितो. वीस नॉटला ते जाणवत नाही, साडेसातला मैलामागे तिसरा हिस्सा लिटर वाढतो. दिवसा एसी बंद ठेवा, खिडक्या उघडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणजे गोव्याला जाताना तोंडावर. अर्धा नॉट असला तरी साडेसातात तो सात टक्के खातो, म्हणून हिशेब जीपीएसवरच्या वेगाने करा. तळ निघण्याआधी घासून घ्या. मुंबई बंदराच्या पाण्यात उभ्या बोटीला काही आठवड्यांत शेवाळ आणि शिंपले धरतात. वजन कमी ठेवा, भरलेली टाकीच जवळजवळ 1,200 किलो असते. आणि टर्बोवाली इंजिनं दिवसभर मंद चालवायची तर दर तीन-चार तासांनी दहा-पंधरा मिनिटं त्यांना पूर्ण जोरात पळवा, काजळी जळून जाते.

डिझेल मुंबईतच भरून निघा. वाटेत आम्हाला यॉटसाठी पंप असलेला एकही धक्का मिळाला नाही. बंदरातल्या मच्छीमार सोसायटीचं डिझेल नोंदणीकृत मासेमारी बोटींचं असतं, त्यांना व्हॅटचा परतावा मिळतो; ते मागू नका, त्यांना अडचणीत आणू नका. घ्यावंच लागलं तर गावातल्या पंपावरून स्वतः रिक्षा-टेम्पोने आणा, पावती घ्या, पाणी अडवणाऱ्या जाळीच्या नरसाळ्यातून भरा, आणि भरण्याआधी व नंतर टाकीत पट्टी बुडवा. आधीच भाव ठरवून बंदरावर वाट बघत उभ्या असलेल्या माणसाकडून घेऊ नका, तुमचा स्किपर कितीही गळ घालो.

गोव्याहून मुंबईला, म्हणजे उत्तरेला येणाऱ्यांसाठी मामांनी जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, पाणी सपाट असतं. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि लाट थेट नाळेवर येते. वीस नॉटने येणाऱ्या बोटीला त्या आपटणाऱ्या लाटेत वेग कमी करावाच लागतो, आणि तो उतरतो नेमका बारा-तेरावर. हाडं खिळखिळी होतात ती वेगळीच, आणि मैलामागे साडेसहा लिटर जातात. तेव्हा उजाडताच निघा, दुपारी बाराच्या आत बंदर गाठा. वारा आधीच उठला तर बारा नॉटवर झुंजत बसू नका, सरळ सात नॉटवर या आणि जवळच्या खाडीत शिरा.