सबब नाव कमी

आत्या चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली की ती दोन वाक्यं जास्त बोलते, आणि त्या दोन वाक्यांतच काहीतरी हाती लागतं. आज ती नुसती गवारी मोडत राहिली. मी कागद पुढे केला, नावावर बोट ठेवलं, वाचून दाखवलं. तिने शेंगेची शीर काढली, शेंग मोडली, परातीत टाकली. मग दुसरी घेतली. "कशाला पाहिजे गे तुला ते?" एवढंच म्हणाली आणि वहिनीला हाक मारून सांगितलं, हिला च्या ठेव.

सरांनी मोडीच्या वर्गात सुरुवातीलाच सांगितलं होतं, कचेरीत नंतर जा, आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. कागद थांबतो, माणूस थांबत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी वहीत खाली रेघ ओढली. पण त्या म्हाताऱ्या माणसाला बोलायचंच नसेल तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

दुपारपासून तेच डोक्यात आहे. ती माझी कुणी लागत नाही का? आजोबांची आई. तिच्या पोटी आजोबा नसते तर ना आत्या, ना बाबा, ना मी. आणि तिचं नाव मला कळलं ते सरकारी कागदावरून, या वयात, अक्षर अक्षर लावून.

मोडी यायला लागली याचा आनंद इतका झाला होता की घरी येऊन वर्तमानपत्राच्या कडेलासुद्धा मी मोडीत लिहायचे. सर आधी पानभर आडव्या रेघा मारायला लावतात, आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगायची, दोरी बांधून कपडे वाळत घालावेत तशी. हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द कुठे संपला ते कळायला मध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. सुरुवातीला एक ओळ लावायला अख्खा तास जायचा. मग एक दिवस 'बिन' दिसायला लागलं. अमुक बिन तमुक, मुलगा बापाचा. मग 'कोम', बायको नवऱ्याची. एकदा हे दोन शब्द डोळ्यांत बसले की पान उघडतं, माणसं एकमेकांना धरून उभी राहतात.

सनांचा घोळ निराळाच. जुन्या कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. दोन आकडे का, तर ते वर्ष मृगाला बदलायचं. हे ऐकून वर्गातले शेतकरी फार खूश झाले. मृग निघाला की नवीन वर्ष, म्हणाले, हे खरं वर्ष. बेळगावला लागून असलेल्या शहापूरचे एक काका येतात, त्यांच्या घरातले जुने कागद सांगली संस्थानच्या शिक्क्याचे, कारण शहापूर १९४८ पर्यंत सांगलीकरांकडे होतं. बाकी कुणाला दाखल्यासाठी पुरावा हवा आहे, कुणाची भाऊबंदकी कोर्टात अडकली आहे. मला काय हवं होतं, ते मला नीट सांगता येत नाही. बाबा गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही, एवढंच होतं बहुतेक.

हेळव्यालाही, घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणाऱ्यालाही, मी विचारलं होतं. सुगी झाली की तो यायचा, बैलाच्या गळ्यातल्या घंटा वेशीपासून ऐकू यायच्या. आजोबा सोप्यात घोंगडं अंथरायचे आणि तो वही उघडून आमच्या घराण्याची नावं वरून खाली म्हणत यायचा, एका सुरात, मूळ गावापासून. शेवटी आमच्या बाबांचं नाव आलं की आम्ही पोरं उड्या मारायचो. आजोबा त्याला भाताचं पोतं द्यायचे. आता त्याचा मुलगा टेम्पोने येतो. त्याला फोन केला तर अगदी आपुलकीने बोलला, सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या. पणजोबांच्या आधीचंही सगळं. पणजोबांच्या बायकोचं नाव काय, विचारलं, तर म्हणाला, "बायकांची नावं आम्ही धरत नाही, अक्का."

तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. नाव मला ठाऊकच होतं. थोरल्या आईचं. म्हाळाला तिचं पान मांडतात, देवघराशेजारच्या भिंतीवर तिचा फोटो आहे, नऊवारी, हातात काहीतरी धरलेलं, बहुतेक पानाची चंची. आजोबा तिला आई म्हणायचे. आम्हाला सांगायला नको होतं, ती आईच होती.

मग फेरफार मिळाले, जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी.

नक्कल मिळायला वेळ लागला, पण कचेरीतला माणूस भला होता. अर्ज कन्नडात भरायचा, तोही त्यानेच भरून दिला. आताचा आमचा उतारा संगणकातून निघतो, कन्नडात. त्यावर आजोबांचं नाव वाचताना ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटतं. पण तो गठ्ठ्यातून काढून दाखवलेला कागद आमच्या मराठीतला होता, मोडीतला. १९५६ च्या आधीचं गावचं दप्तर तसंच आहे. आजोबा त्याच घरात जन्मले आणि त्याच घरात गेले. राज्य मुंबईचं होतं ते म्हैसूरचं झालं, मग १९७३ ला कर्नाटक झालं. त्यावर ते जन्मभर तावातावाने बोलायचे, मोर्च्यांना जायचे, एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधायचे. स्वतःच्या आईबद्दल मात्र एक शब्द नाही.

पहिली नोंद १९१९ ची. खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, वय ४, अ.पा.क., म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती, आई. आणि पुढे नाव. थोरल्या आईचं नाही. मी पुन्हा वाचलं, सरांना दाखवलं, सरांनी भिंग लावून वाचलं. तेच नाव. कोम आमचे पणजोबा, विधवा.

पणजोबा मानमोडीत गेले, एवढं घरात माहीत होतं. गावच्या मृत्यूच्या नोंदवहीत ऑक्टोबर १९१८ चं पान पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. एकाखाली एक नावं, कारणाच्या रकान्यात 'ताप' आणि त्याखाली पानभर नुसती सदरची खूण. आमच्या गल्लीतली सगळी आडनावं त्यात आहेत. देशात कोटीच्या वर माणसं गेली त्या साथीत, हे वाचलं होतं. पण त्या पानावर शाई एका ठिकाणी पसरली आहे. लिहिणाऱ्याचा हात थांबला असेल, की पाऊस गळत होता, कोण जाणे.

दुसरी नोंद १९२१ ची, लहानशी. सदर विधवा हिने पाट लावला, सबब नाव कमी करून अ.पा.क. चुलता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. झालं. थोरली आई म्हणजे त्या चुलत्याची बायको. आजोबांची चुलती.

सरांनी समजावून सांगितलं, त्यांच्या शिकवण्याच्या आवाजात. १८५६ च्या कायद्याने विधवेला लग्न करायची मोकळीक दिली, पण त्याच कायद्यात असंही होतं की लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. नवऱ्याकडच्या माणसांना कोर्टात जाऊन मुलांचा दुसरा पालक नेमून घेता यायचा. आमच्यात पाट त्याच्या आधीपासून होताच. बाई जायची, मूल बहुतेक करून राहायचं, कारण मूल घराण्याचं, जमीन मुलाची. वर्गातल्या एकीने विचारलं, म्हणजे तिने मुलाला टाकलं की तिच्याकडून काढून घेतलं? सर म्हणाले, ते या कागदावर नाही.

तेच मला आत्याकडून हवं होतं. टाकून गेली की काढून घेतलं. वीस-बावीसची असेल ती, जास्त नाही. नवरा मेलेला, गावात घराघरात माणूस मेलेलं, कडेवर चार वर्षांचं पोर. मी तिच्या जागी उभं राहून बघते आणि मला दोन्ही खरं वाटतं. पाट रात्री लागायचा, सवाष्णी समोर यायच्या नाहीत. आजोबा त्या रात्री कुठे निजले होते? थोरल्या आईच्या कुशीत? त्यांना सकाळी काय सांगितलं?

आणि दादाला हे माहीत होतं का? मी फोनवर सांगितलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, "बरं मग?" बाबांनी त्याला सांगितलं असेल. मला नाही. मी लग्न होऊन वडगावला आले म्हणून? मुलीला काय करायचंय घराण्याच्या गोष्टींशी, म्हणून? हे लिहिताना डोळे भरून आलेत आणि ते पणजीसाठी आहेत की माझ्यासाठी, ते कळत नाही. मीही एका घरातून नाव कमी होऊन दुसऱ्या घरात आलेली. राहू दे ते.

चहा पिऊन निघाले तेव्हा आत्या दारापर्यंत आली. चप्पल घालत होते. ती माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत म्हणाली, "यात्रेला आली होती एकदा."

मी हललेसुद्धा नाही.

लक्ष्मीची यात्रा होती गावात, आत्या लहान, सात-आठ वर्षांची. घर पाहुण्यांनी भरलेलं. एक म्हातारी सोप्यात खांबाला टेकून बसली होती, ती कुणाच्या ओळखीची दिसत नव्हती, पण थोरल्या आईने स्वतः तिला ताट वाढलं. जाताना तिने आत्याला जवळ बोलावलं, कमरेच्या पिशवीतून चोळीचा खण काढून तिच्या हातात दिला, आणि गालावरून हात फिरवला. हात खरखरीत होता, आत्या म्हणाली. आजोबांनी गाडी जुंपली आणि तिला खानापूरच्या रस्त्यापर्यंत सोडून आले. परत आल्यावर जेवले नाहीत. खणाची चोळी थोरल्या आईनेच शिवून घेतली.

"दोन पोरगे होते म्हणे तिला तिकडं," आत्या म्हणाली. "जा आता, बस जाईल."

बसमध्ये मी तो कागद पुन्हा काढला नाही. नुसतं आत्याचं बोलणं लावत बसले, मोडीसारखं, कुठे तोडायचं ते कळेना. थोरल्या आईने ताट वाढलं. चोळी शिवून घेतली. आजोबांनी गाडी जुंपली. कुणी कुणाला हाकललेलं दिसत नाही यात. कुणी कुणाला आई म्हणून हाक मारलेलीही दिसत नाही.

आता रात्री थोडं शांत वाटतंय. आत्या गप्प का बसते ते मला दुपारी कळत नव्हतं, आता जरा कळतंय. ती थोरल्या आईच्या मांडीवर वाढली. त्या नावाला कुणी चुलती म्हटलेलं तिला सोसायचं नाही, आणि का सोसावं? आजोबांना भाकरी कालवून भरवली ती थोरल्या आईनेच. आत्याला तिच्या आजीचं नाव राखायचं आहे, मला माझ्या पणजीचं. यात भांडण नाही. सरांनी वंशावळीच्या तक्त्यात दोघींसाठी दोन चौकोन काढायला सांगितले आहेत, एक सरळ रेघेने जोडलेला, एक तुटक रेघेने. तुटक कुणाला द्यायची, ते मी अजून ठरवलेलं नाही. पेन्सिलने काढून ठेवलंय.

तिचं नाव इथे लिहीत नाही. आत्याने तसं काही सांगितलेलं नाही, पण तिने स्वतः ते एकदाही उच्चारलं नाही, तर मी तरी का लिहावं, निदान ती आहे तोवर.

म्हाळ जवळ आलाय. तिची तिथी कुणाला माहीत असणं शक्य नाही, पण तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री असतेच. दुसऱ्या घरात गेलेल्या बाईचं पान पहिल्या घरात मांडतात का, भटजींना विचारायला हवं. तिकडच्या दोन मुलांची मुलं, नातवंडं खानापूरकडे कुठेतरी असतील, ती मांडत असतील तर उत्तमच. ती आमची कोण लागतात? आजोबांचे भाऊच झाले की ते, एका आईचे. त्या गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर बघितलं तर नावं मिळतील, त्या काळच्या रजिस्टरात बापाचं नाव आणि जन्मगाव असतं. गावाचं नाव तेवढं आत्याकडून काढायचं राहिलंय.

दादाला सकाळी फोन करते. आधी म्हाळाचं विचारते, खानापूरचं नंतर. दोन्ही एकदम काढलं तर तो ऐकून घेणार नाही.