फुंकण्याचा नव्हे, ऐकण्याचा आशीर्वाद

रोश हशानाचे, म्हणजे ज्यू नववर्षाचे, दोन्ही दिवस संपल्यावर, आज रात्री, हे लिहीत आहे. काल ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) शोफार, म्हणजे विधीचे शिंग, फुंकण्यापूर्वी म्हटलेल्या आशीर्वादातील एक शब्द दिवसभर मनातून गेला नाही. शिंग फुंकणारा स्वतः फुंकतो, तरी देवाची स्तुती करतो ती ‘शोफारचा नाद ऐकण्याची’ आज्ञा दिल्याबद्दल. १२व्या शतकातील रब्बी रामबाम यांनी याचा खुलासा केला आहे की, कर्तव्य ऐकण्याचे आहे, फुंकणे हे त्याचे साधन. म्हणूनच मिश्ना, म्हणजे ज्यू मौखिक धर्मनियमांचा प्राचीन संग्रह, सांगतो की खड्ड्यात फुंकलेल्या शोफारचा केवळ प्रतिध्वनी कानी पडला, तर कर्तव्य पूर्ण होत नाही.

शोफारच्या आशीर्वादानंतर ‘शेहेहेयानू’, म्हणजे आम्हांला या वेळेपर्यंत जिवंत ठेवल्याबद्दलचा आशीर्वाद, म्हटला गेला. आपण बेने इस्राएल (महाराष्ट्रातील ज्यू समाज) सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंची, रीत पाळत असल्याने दुसऱ्या दिवशी तो शोफारवर म्हणत नाही. पहिला दिवस शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनी) आला, तरच म्हणतो, कारण शब्बाथला शोफार फुंकत नाहीत. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील परंपरेचे ज्यू, मात्र दोन्ही दिवशी म्हणतात.

आशीर्वाद आणि पहिला नाद यांमध्ये अवांतर बोलायचे नसते, आणि पुढेही सर्व नाद पूर्ण होईपर्यंत मौन राखायचे असते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नातवाने नेमक्या त्याच क्षणी बाही ओढून काहीतरी विचारले. मी फक्त त्याचा हात घट्ट धरला, आणि पहिली लांब तेकिया, म्हणजे शोफारचा सलग नाद, सुरू होताच तोही गप्प झाला.